अलगबेडे गल्लीतली पिवळी तार

मी ट्रान्सफॉर्मर बोलतोय. हो, तोच तो राखाडी डबा, ज्याच्या कुंपणावर तुम्ही ओले कपडे वाळत घालता आणि ज्याच्या पायाशी खरकटं टाकता. इबादान शहरात अलगबेडे गल्लीच्या तोंडाशी मी नऊ वर्षं उभा होतो. आता आडवा आहे. उभा होतो तोवर कुणी मान वर करून पाहिलं नाही. आता येणारा-जाणारा थांबतो आणि हळहळतो, "गेला बिचारा!" जसा काही मी आपणहून गेलो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. पोटात लोखंडाचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि सगळं तेलात बुडवलेलं. काम साधं. वरच्या मोठ्या तारांमधून येणारा जबर दाब अंगावर घ्यायचा आणि घरांना सोसेल एवढाच पुढे सोडायचा.

मला वीज कंपनीने आणलं असं तुम्हाला वाटेल. छे! कंपनीची वाट पाहून गल्लीचे डोळे पांढरे झाले, तेव्हा घरमालकांनी वर्गणी काढून मला विकत आणलं आणि रीतीप्रमाणे कंपनीच्याच हवाली केलं. मंडप घातला. इमामांनी दुआ मागितली, पास्टरांनी प्रार्थना म्हटली, टोमॅटोतल्या तिखट जोलोफ भाताची पाकिटं वाटली. दुसऱ्या दिवशी एक पुढारी रंगारी घेऊन आला आणि माझ्या पोटावर स्वतःचं नाव रंगवून गेला, 'जनतेस सप्रेम भेट'. ज्यांनी खिशातून वर्गणी दिली त्यांनीच त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ही माणसं काय आहेत ते मला तेव्हाच कळलं.

देश झपाट्याने वाढतोय म्हणतात. वाढतोय खरा. गल्लीतल्या घरांवर मजले चढले, खिडक्यांना एसी लागले. पण वीज तयार करणारी धरणं आणि गॅसची केंद्रं होती तेवढीच, आणि तारा तर आजोबांच्या वेळच्या. दिवसातून चार तास वीज आली तरी सण. ती आली की पोरंच काय, टक्कल पडलेले बापेही अंगणात येऊन ओरडतात, आणि तेही कधीच बंद पडलेल्या जुन्या वीज मंडळाचा जयजयकार करत. मग एका दमात इस्त्री, पंप, एसी, गीझर, सगळं सुरू. वीज परत आलेली कळावी म्हणून बटणं कायम चालूच ठेवतात. ती गेली की घरोघरचे छोटे जनरेटर धडधडू लागतात. त्या जनरेटरला इथे सगळे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. यांनीच ठेवलंय आणि मोठ्या कौतुकाने घेतात.

माझ्यातून तीन तारा निघतात, लाल, पिवळी आणि निळी. प्रत्येक घर त्यांतल्या एकीवर. भार तिघींवर सारखा असला की मला काही त्रास नसतो. पण एखादी तार मेली तर गल्लीतला माणूस तक्रार करून वाट बघत नाही, लुकमनला बोलावतो. लुकमन हा गल्लीचा वायरमन. खांद्यावर शिडी, कानामागे टेस्टर आणि तोंडात सदा "होऊन जाईल". तो खांबावर चढून घराची तार मेलेल्या रंगावरून जिवंत रंगावर टाकतो. एखाद्या घराने असं केलं तर काही बिघडत नाही. अडचण एवढीच, की ते एखादं घर आपलंच, असं प्रत्येकाला वाटतं.

या गर्दीत मला माणूस म्हणून एकच बाई दिसली. ईया रिसिकात, म्हणजे रिसिकातची आई. माझ्या समोरच तिचं बर्फातल्या माशांचं दुकान, आत तीन मोठे फ्रीजर, तिघेही पिवळ्या तारेवर. तोंडाने फटकळ, पण फ्रीजरला वीज पुरावी म्हणून दुकानातला पंखासुद्धा बंद ठेवणारी. त्या आठवड्यात तिला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. शनिवारी एका श्रीमंत म्हातारीच्या दिवसांचं जेवण होतं, आणि हजारभर पाहुण्यांचे बांगडे ईयाकडून जायचे होते. हे काम पार पडलं की रिसिकातचा नर्सिंगच्या कॉलेजातला प्रवेश पक्का होणार होता. सोमवारी मासे आले, तिन्ही फ्रीजर गळ्यापर्यंत भरले.

आणि सोमवारीच लाल तार मेली. निळीत आधीच जीव नव्हता, दिवा लावला तर मेणबत्ती बरी. उरली पिवळी.

मंगळवारी सकाळी ईया घरोघर फिरली. आधी गेली घरमालक समितीच्या अध्यक्षांकडे, पा आडेगोरोयेंकडे, 'पा' म्हणजे बाबा. दारातच गुडघे टेकले.

"बाबा, एक मागणं आहे. शनिवारपर्यंत कुणी पिवळीवर येऊ नये, एवढं सगळ्यांना सांगा. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"अगं, हे काय सांगायला हवं?" बाबांनी छातीवर हात ठेवला. "तुझे मासे ते आमचे मासे. मी स्वतः लालवर घाम गाळत बसेन, पण पिवळीला हात लावणार नाही."

मागच्या अंगणात त्यांचा पाण्याचा पंप घरघरत होता. लाल तार मेलेली असताना तो कशावर चालला होता? ईयाने ऐकलं. पण वडीलधाऱ्याला दारात खोटं पाडायचं नाही, म्हणून ती उठून निघाली.

पुढचं घर शाळेच्या मुख्याध्यापिका फोलोरुन्शोबाईंचं. "ईया, मी पोरांना रोज वाटून खायला शिकवते," बाई म्हणाल्या. "मी असं करेन का?" त्यांच्या हातात इस्त्री होती आणि तिच्यातून वाफ येत होती.

असंच घरोघर. सगळ्यांनी शब्द दिला. आणि पिवळीवर यायच्या राहिलेल्या सगळ्यांनी लुकमनला निरोप धाडला. एका खांबावरून तो उतरेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक भिंतीआड उभं. प्रत्येकाचं बोलणं तेच. "फक्त माझंच कर, आणि कुठे बोलू नकोस." दुपारपर्यंत अकरा घरं पिवळीवर आली.

ईयाने त्याला दुकानासमोर गाठलं. "काय रे, ही शिडी सकाळपासून कुठे मिरवतेय?"

"फांद्या तोडतोय, ईया. तारांना लागतात."

"अकरा घरांच्या छपरांवर झाडं उगवली का रे, मेल्या?"

लुकमनने मान खाली घातली. "मोठी माणसं सांगतात, ईया. मी नाही कसं म्हणू?"

तो निदान खाली तरी बघत होता. बाकीच्यांच्या माना ताठच होत्या.

बुधवारी दुपारी माझा फ्यूज उडाला. लुकमनने नवा घातला, तोही उडाला. फ्यूज उडतो तो माझा जीव वाचवायला. मी हातापाया पडून सांगत होतो, बाबांनो, पुरे. गल्ली माझ्याभोवती जमली, पण ऐकतोय कोण?

"फ्यूजच कमजोर आहे," पा आडेगोरोये म्हणाले. "जाड तार घाल."

"बाबा, मग ट्रान्सफॉर्मरच जळेल."

"तू इंजिनिअर आहेस की अध्यक्ष?"

तेवढ्यात ईया गर्दीतून पुढे आली. "बाबा, पाच घरं पिवळीवरून उतरवा. फक्त पाच. मग फ्यूज टिकेल आणि माझे मासेही."

"बरोबर आहे," बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. "पिवळीवर कोण कोण आहे?"

कुणीच नव्हतं! एकजण चप्पल निरखू लागला, दुसऱ्याला अचानक फोन आला. "मी तर लालवरच आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मीसुद्धा," अध्यक्ष म्हणाले. ईया लुकमनकडे बघत राहिली. अकराही नावं त्याला पाठ होती. त्याने ओठ ओले केले, अध्यक्षांकडे पाहिलं आणि वाकून जाड तार घालायला लागला.

मग माझं तेल उकळलं. वेटोळ्यांवरचा कागद जळला, पोट फुगलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी संपलो. खोटं कशाला बोलू, मरताना मला दुःखापेक्षा किळस जास्त वाटली.

कंपनीने 'नोंद घेतली'. ईयाने बर्फाच्या लाद्या आणल्या, तिच्या छोट्या जनरेटरवर फ्रीजर आळीपाळीने लावले. गुरुवारी तो जनरेटरही धाप टाकून बसला. शुक्रवारी सकाळी जेवणाचा आचारी आला. त्याने बांगड्यावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. "माफ कर, ईया," म्हणाला आणि दुसऱ्या दुकानाकडे गेला. रिसिकात फ्रीजरला टेकून उभी होती. तिने कॉलेजचं पत्र दोनदा घडी करून ओढणीच्या टोकात बांधलं आणि मासे साफ करायला बसली.

दुपारी मासे मिळेल त्या भावाने विकायला काढले, आणि बघता बघता रांग लागली. सगळे ओळखीचे चेहरे. अकराच्या अकरा. घासाघीस तर अशी, की जणू मासे यांच्याच घरून चोरीला गेले होते.

"मऊ पडलेत गं," पा आडेगोरोये म्हणाले. "थोडं कमी कर."

ईयाने ढिगातला सगळ्यात मोठा मासा काढून त्यांच्या पिशवीत घातला. "असाच न्या, बाबा. तुमच्या पंपाने वितळवलाय, तुमचाच आहे."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बघेल. बाबा खोऽ खोऽ हसले. "या ईयाची जीभ म्हणजे ना!" म्हणाले आणि मासा घेऊन गेले. संध्याकाळी गल्लीभर तळलेल्या बांगड्यांचा वास सुटला होता.

रविवारी माझ्याच उशाशी सभा भरली. ठरलं, नवा आणायचा. अध्यक्षांनी एकीवर भाषण केलं. भाषण चालू असतानाच तिघेजण लुकमनच्या कानाशी लागले, नव्यावर चांगला रंग आपल्यासाठी राखून ठेव म्हणून.

जो कुणी नवा माझ्या जागी येणार असेल, त्याला माझं सांगणं आहे. भावा, मंडपाला आणि प्रार्थनेला भुलू नकोस. यांच्या हातात जाड तार दिसली की समज, तुझे दिवस भरले. मला उद्या भंगाराचा ट्रक न्यायला येणार आहे. निरोप घ्यावा असं इथे फारसं कुणी नाही. एक होती, तिच्या डोळ्यांत बघायचं मला धाडस झालं नाही. जळालो तो मीच ना शेवटी.

ती सभेत मागे उभी होती. भाषण संपायच्या आतच बोलली.

"लुकमन, शिडी आण. माझी तार काढ."

"कुठल्या रंगावर टाकू, ईया?"

"कुठल्याच नाही. उद्यापासून मी मासे लाकडाच्या धुरावर भाजून विकणार."

"अगं, असं तोडून कसं चालेल?" अध्यक्ष म्हणाले. "आपण सगळे एक आहोत."

ईयाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लुकमन चढला. इतक्या वर्षांत त्याला चारचौघांत, मोठ्याने सांगितलेलं ते पहिलंच काम. तार सुटून खाली पडली. ईयाने ती गुंडाळली, खांद्याला अडकवली आणि रिसिकातला घेऊन घरात गेली.

सगळी सभा तिच्या दाराकडे बघत होती. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चला, पिवळीवर एक घर कमी झालं!"