कृतिकाचं मानधन

आमच्या नवघरच्या ध्यानकेंद्रात अकरा वर्षं दर रविवारी मी फुकट शिकवलं. फुकट म्हणजे फुकट! गाळ्याचं भाडं, वीजबिल, सगळं दानावर चालतं. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्यांची नावं आहेत. ट्रस्टने मलाही मानधन देऊ केलं होतं. मीच बाणेदारपणे म्हटलं, "सेवेचे पैसे घेत नाही मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवर मी अकरा वर्षं काढली.

आणि आता ही कृतिका आली. जेसल पार्कची, तिशीतली, नोकरी सोडून पूर्णवेळ शिकवायला. तिला महिना पंधरा हजार मानधन! वर माझा रविवारचा वर्गही तिलाच. आयत्या बिळावर नागोबा! "मृणालिनीताई, तुम्ही आता आराम करा," म्हणे. डोळे मिटून बसले की श्वासाकडे लक्षच जाईना, तिचं पाकीट दिसायचं. जळले हो मी, खोटं कशाला बोलू? लोकांना 'मन शांत ठेवा' सांगणारी मी, आणि घरी भांडी आपटत होते.

शेवटी ट्रस्टच्या धर्मेशभाईंना गाठलं. "मला पैसे नकोत, माझा वर्ग परत द्या. आणि दानपेटीत तर चिल्लर पडते, मग हिचं मानधन येतं कुठून?"

"अरे ताई, गुस्सा मत करो," धर्मेशभाई हसले. "पैसा तो घर का ही है. ईश्वरभाईंनी सांगितलं नाय तुम्हाला? वर्षभराचं गुप्तदान दिलंय त्यांनी. कृतिकाच्या मानधनासाठीच."

ईश्वरभाई म्हणजे माझे यजमान! पेन्शनवरचा माणूस!

तरातरा घरी आले. हे वाटाणे सोलत बसले होते.

"तिचं मानधन तुम्ही देताय? एवढी वाईट शिकवते मी?"

"चांगली शिकवतेस, म्हणून तर ते तुला सोडत नव्हते," हे मान वर न करता म्हणाले. "मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली. रविवारी तू पहाटेची जायचीस ती दिवेलागणीला यायचीस, आणि बाकीचे सहा दिवस त्याचीच तयारी."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच मान वर केली.

"त्यांना तू फुकट मिळालीस गं. मला विकत घ्यावी लागली."