दोन सीटची गाडी

आमच्या जावयांना जीभ नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा. जीभ आहे, चांगली धारदार आहे. फक्त माझ्या मुलाशी बोलायची वेळ आली की ती माझ्या तोंडात आणून ठेवतात. त्या दिवशी सकाळपासून मी आमच्याच गॅरेजमध्ये निरोप्याचं काम करत होते, आणि निरोप पोचवायचा तो किती लांब, तर स्टुलापासून गाडीच्या चाकापर्यंत.

"आई, त्यांना म्हणावं, नट जपून. जुन्या गाडीचे आहेत, कुठे मिळत नाहीत," जावई स्टुलावरून.

"आई, त्यांना सांग, मी नट खात नाही," मुलगा गाडीखालून.

मुलगा म्हणजे गुंड्या. मिशीत पांढरं आलं तरी मी गुंड्याच म्हणते. जावई पूर्वी चेष्टेने गुंडोपंत म्हणायचे. तेव्हा दोघांचं असं गूळपीठ की मी एकाला ओरडले की दुसऱ्याचं तोंड उतरायचं. मग जावयांचे वडील गेले आणि त्यांची ही जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार मागे राहिली. तिच्या गिअरबॉक्समधून तेल टपकायचं. गुंड्याने सील बदलले. सील म्हणजे बांगडीएवढं रबरी कडं. गिअरबॉक्समधून दांडा जिथे बाहेर येतो तिथे ते बसतं आणि आतल्या ओठाने दांडा धरून तेल अडवतं. पण थोड्याच दिवसांत पुन्हा टपकलं. जावई चार लोकांत म्हणाले, "तुझ्या हाताला शिस्त नाही." हा म्हणाला, "मग शिस्तीच्या हाताकडे न्या."

नेली. झालं, दोघांनी तोंडं फिरवली आणि मधल्या मध्ये माझी मुलगी चेपली. भाऊ आणि नवरा एका खोलीत मावत नाहीत, मग मी कुठे बसू, असं म्हणून ती माहेरी यायची थांबली ती थांबलीच. दोन वर्षं फोनवर हसते आहे. आईला फोनवरचं खोटं हसू कळत नाही असं पोरींना का वाटतं, कोण जाणे.

शिस्तीच्या हातांनीही सील बदलून पाहिले. तेल आपलं टपकतंय. शेवटी ते म्हणाले, गिअरबॉक्सच दुसरा बसवा. वडिलांच्या गाडीचा गिअरबॉक्स जावयांना टाकवेना, म्हणून नाक मुठीत धरून आमच्या फाटकात आले. शेजारची सीट रिकामी घेऊन आले. मी तिकडेच बघत होते. म्हटलं, आता पुन्हा एक थेंब पडला तर ही सीट कायमची रिकामी.

दोन्ही सीट काढल्या, मधलं पत्र्याचं झाकण काढलं, गिअरबॉक्स उतरून बाकावर आला. गुंड्याने मागचा सील उपसला, दांडा चिंधीने पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं.

"आई, त्यांना सांग, इथे नख लावून बघा म्हणावं."

जावयांनी लावलं. नख अडकलं. मग मीही लावलं, मला कोण अडवणार. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लोखंडात केसाएवढा चर पडला होता. नवा सील बसवा नाहीतर सोन्याचा बसवा, ओठ त्याच चरात जाणार आणि तेल पाझरणार. हे आमच्या चिरंजीवांनाही दिसलं नव्हतं नि शिस्तवाल्यांनाही नाही.

"त्यांना म्हणावं," जावई दांड्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे हे कुणाच्याच हातामुळे नव्हतं."

"त्यांना सांग, तेव्हाच नख लावून बघायला हवं होतं मी."

हे दोन निरोप मी पोचवले नाहीत. ज्याचे त्याला पोचले होते.

गुंड्याने दांड्याच्या दातांवर टेप गुंडाळली, ओठ कापला जाऊ नये म्हणून. ओठाला तेल लावलं, वर पाइपचा तुकडा ठेवला आणि हलक्या हाताने ठोकत सील बसवला. पण तळापर्यंत नाही. किंचित बाहेर राखला, म्हणजे ओठ चर सोडून कोऱ्या लोखंडावर टेकेल. पुढचाही नवा घातला.

खरं घोडं पेंड खायला लागलं ते गिअरबॉक्स परत चढवताना. गुंड्या खाली, जॅकवर गिअरबॉक्स घेऊन. जावई वर, सीट नाहीत म्हणून गाडीत उकिडवे. पुढच्या दांड्याचे दात क्लचच्या खाचांत शिरायला हवेत. खालच्याने ढकलायचं आणि वरच्याने मागचं टोक जरा जरा फिरवायचं. दोघांचा मेळ बसला नाही आणि वजन तसंच लटकलं, तर क्लचची प्लेट वाकते.

"आई, त्यांना सांग, फिरवा."

मी तांब्या उचलला, घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आई, त्याला म्हणावं, कुठल्या बाजूला?"

मी गाल फुगवून जावयांकडे बघितलं. जावयांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, अगं माझे हात भरून आले."

मी छताकडे बघितलं.

खालून दम लागल्यासारखा आवाज आला. "दाजी, तुमच्या डावीकडे. अगदी जरासं."

"एवढं?"

"अजून. सोडू नका."

"सोडत नाही रे. तू ढकल. थांब, थांब... आता."

टक्क.

"गेला," जावई म्हणाले. "आत गेला, गुंडोपंत."

मग मी तोंडातलं पाणी गिळलं.

मग तेल भरलं, झाकण आणि सीट परत बसवल्या, दोघं गाडी फिरवून आले आणि खाली पांढरा कागद पसरला. मी चहा आणला. कप रिकामे झाले तरी दोघांची डोकी गाडीखालीच, बाहेर नुसते पाय. कुठला सील जास्त जुना होता यावर कडाक्याची वादावादी चाललेली. असली वादावादी मला चालते. मी वाकून कागद ओढला, उलटा केला, बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला.

जावई कपडे झटकत उठले, निघायची चुळबुळ करायला लागले. शेजारच्या सीटवर गुंड्याची चिंधी पडली होती, ती मी उचलली.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही माणूस लाखाचे, पण हट्ट सव्वा लाखाचा. गाडी जपा, वडिलांची आहे. पण पुढच्या वेळी ही सीट रिकामी घेऊन आलात, तर फाटक उघडायचं नाही असं मी गुंड्याला सांगून ठेवणार आहे. आणि तेव्हा माझ्या तोंडात पाणी असेल."