गाडी बसत नाही

आमचे हे पिकअपखाली पाठीवर पडले होते आणि मी टॉर्च धरून बाजूला उकिडवी बसले होते. गाडी जॅकनं उचलून चॅसीखाली दोन स्टँड लावले होते. ते नीट बसलेत ना, हे मी इतक्यांदा विचारलं की खालून आवाज आला, "अगं, गाडी पडली तर सगळ्यात आधी मलाच कळेल." असले विनोद यांना बरे सुचतात. इथे माझा जीव टांगणीला लागला होता.

आमचा फरशांचा धंदा. माल अंगणातल्या शेडमध्ये, गिऱ्हाईक टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीत. गेल्या महिन्यात भरलेली गाडी चढावर असताना मागून इतकी दबली की पुढची चाकं हलकी झाली. वळणावर यांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी मात्र सरळ कठड्याकडेच चालली. कशीबशी आवरली. हे सगळं जेवताना हसत हसत सांगितलं यांनी. मला पुढचा घास गिळवेना.

म्हणून ही एअर स्प्रिंग. जाड रबराचे दोन फुगे म्हणा ना. मागच्या एक्सलवर, गाडीच्या मूळ स्प्रिंगच्या पाट्यांच्या मदतीला बसवायचे आणि पंपानं हवा भरायची. मग ओझ्यानं खाली गेलेली मागची बाजू वर येते.

फुग्यांकडे जाणारी हवेची नळी मी कात्रीनं कापायला घेतली तर हे ओरडले. तिरकी कापली तर हवा गळते म्हणे, ब्लेडनं सरळ काप. कापली. "ती नळी सायलेन्सरपासून लांब घ्या, वितळेल," हे मात्र मी सांगितलं, तेव्हा मुकाट्यानं ऐकलं. शेवटी साबणाचं पाणी लावून पाहिलं. एका जोडापाशी बुडबुडा आला, तो मलाच दिसला. यांनी जोड घट्ट केला आणि म्हणाले, "तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही." मी जरा खूशही झाले, कशाला खोटं बोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माल भरायला लागले आणि मी सवयीनं स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. रोजची आमची रीत तीच. गाडीची मागची बाजू खाली बसायला लागली की मी आतून "बास" म्हणायची. हे कुरकुरायचे, पण थांबायचे. आज खोकी चढतायत, चढतायत, आणि गाडी आपली सरळच. मधूनच हे पंप मारायचे, गाडी पुन्हा वर. बास कधी म्हणायचं, हेच मला कळेना.

बाहेर आले. "अहो, रोजच्यापेक्षा किती जास्त भरताय?"

"दोन खेपांचं काम एका खेपेत होतंय. आणि बघ, बसली का गाडी?"

"बसत नाही म्हणजे वजन गेलं कुठे? ब्रेक तेच, टायर तेच. पलीकडच्या उतारावर कोण धरणार आहे तिला, ते फुगे?"

"एक बुडबुडा काय सापडला, बाई मेकॅनिक झाल्या." गाडीचा मागचा फाळका लावून हात झटकले यांनी. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. भांडून उपयोग नव्हता, हा माणूस हसत हसत निघून गेला असता. मी गॅस बंद केला, दाराला कडी घातली आणि यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पट्टा लावला.

"कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर. चला."

"काही नको. उतर."

"का? गाडी सरळ आहे ना?"

यांचा हात किल्लीवर तसाच. समोरच्या काचेतून टेकडीचा रस्ता दिसत होता, तिकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू कुठच्या कुठे गेलं. मी हाताची घडी घालून बसले होते. यांनी खरंच किल्ली फिरवली असती तर मी बरोबर गेले असते.

यांनी दार उघडलं आणि खाली उतरले. मागे फाळका पडल्याचा आवाज झाला. मग एकेक खोकं जमिनीवर यायला लागलं. किती उतरवायची ते यांना सांगावं लागलं नाही.

मी पट्टा सोडून मागे गेले. हायसं वाटायला हवं होतं, पण रडूच आलं मला.

"मी बसले म्हणून उतरवताय," मी म्हटलं. "आणि एकटे निघाला होतात तेव्हा?"

यांनी पुढचं खोकं उचललं आणि खाली ठेवलं.