धावत्या फौजेचं जेवण

"जोरात घे की रे, रस्सा निवतोय!"

"जोरात घेतलं तर सांडतोय, हळू घेतलं तर निवतोय. काका, एकदा काय ते ठरवा," ड्रायव्हर म्हणाला.

काका पलटणीचे आचारी. पूर्वी सराव म्हणजे पायदळ खंदकात, तोफा मागे, आणि जेवण कुठे न्यायचं ते ठरलेलं. नव्या कर्नलसाहेबांनी रणगाडे, पायदळाच्या गाड्या आणि तोफा एकत्र जुंपून पळवायला सुरुवात केली होती. वरून विमानं. शत्रूला विचार करायला उसंतच द्यायची नाही, असं ते सांगत. "शत्रूला नका देऊ, चुलीला तरी द्या," असं काका पुटपुटत. अर्थात साहेब गेल्यावर.

आज मात्र साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. दुपारच्या आत गरम जेवण आघाडीला पोचलं, तर स्वयंपाकाची गाडी पलटणीत राहील. नाहीतर पुढच्या सरावापासून बंद डबे, आणि काकांची बदली कोठारावर.

रणगाड्यांची धूळ समोर दिसू लागली, आणि ओढ्यालगतच्या अरुंद वाटेवर गाडी रुतली. मागे इंधनाचे टँकर येऊन ठाकले. त्यांच्याबरोबर सरावाचे पंच होते, दंडाला पांढरी पट्टी, पाठीवर वायरलेस.

"काढायला किती वेळ?" पंचांनी विचारलं.

"अर्धा तास, साहेब. बाजूला लोटली तर लगेच," ड्रायव्हर म्हणाला, "पण मग ओढ्यातच जाईल. आज काही वर यायची नाही." मग हळूच, "काका, थांबू देत त्यांना. अर्ध्या तासाने निघालो तरी आपण वेळेत पोचतो."

काकांनी पंचांकडे पाहिलं.

"मी काही सांगू शकत नाही. मी फक्त कळवतो."

काकांनी पुढे नजर टाकली. धूळ बसली होती. माळावर रणगाडे उघड्यावर उभे होते, एकही हलत नव्हता.

"तेल संपलंय त्यांचं," ते म्हणाले. "हंडे उतरवा. लोटा गाडी."

"अहो काका..."

"लोट म्हटलं ना! का आता मुहूर्त काढू?"

सगळ्यांनी मिळून रेटा दिला. गाडी कुरकुरत ओढ्यात गेली आणि एका कुशीवर कलंडली. टँकरवर हंडे ठेवायला जागा नव्हती; ते एकामागून एक निघून गेले. एका चालकाने हात केला; काकांनी पळीच वर केली.

थोड्या वेळाने माळावर पुन्हा धूळ उठली. पंच मागेच थांबून दगडावर टेकले होते. सकाळपासून उपाशी दिसत होते बिचारे. काकांनी न विचारताच ताटली भरून पुढे केली. रस्सा अजून वाफाळत होता.

वायरलेस खरखरला. पंचांनी भरल्या तोंडानेच उत्तर दिलं, "इंधन पोचलं. गरम जेवण... पोचलं नाही."

"आधी घास गिळा, साहेब," काका म्हणाले. "ठसका लागेल."

आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.