ओमिजाचा काळा वाडगा

मंडईच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अंगातलं विष दाखवणाऱ्या प्यो गुरूने मधुमेही मालसुन काकूंना पांढऱ्या वाडग्यात बोट टेकवायला लावलं. त्यावर त्याने सुक्या, आंबट ओमिजा फळांचा लालभडक चहा ओतला. चहा फसफसला आणि पाहता पाहता काळानिळा झाला.

"उकळतंय बघा विष!" गुरू गरजला. "बारा वर्षं ही इन्सुलिनची सुई अंगात विष भरतेय. डॉक्टरला गिऱ्हाइकं हवीत, मला माणसं हवीत!"

म्हाताऱ्या तळहात चोळत प्रार्थना पुटपुटू लागल्या.

मी, बोकरान, गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स. "काकू, सुई बंद करू नका," मी हात धरून सांगितलं.

"तुझ्या सुईनं काय दिवे लावले गं?" काकू हसल्या.

त्यांचे यजमान दोकचिल यांनी सगळ्या सुया फेकल्या. गुरूने दिलेला ओमिजाचा पाक ते बायकोला दिवसातून पाचदा पाजू लागले. सहाव्या दिवशी काकूंना तहान आवरेना, उलट्या थांबेनात. गुरूने पुन्हा वाडगा मांडला. चहा लालच राहिला.

"विष गेलं! आता निघतोय तो नुसता मळ."

दुसऱ्या दुपारी इस्पितळाच्या दारातच काकूंनी प्राण सोडला.

आठवड्याभरात शेड पुन्हा भरली. "तिची श्रद्धाच उणी पडली," गुरू सांगत होता.

विष दाखवायचं तेव्हा तो डावीकडच्या ढिगातला वाडगा घेई आणि विष गेल्याचं दाखवायचं तेव्हा उजवीकडचा, हे मी हेरलं होतं. मी सरळ पुढे गेले. त्याच्या डावीकडच्या ढिगातला वाडगा उचलला, त्याचीच किटली घेतली आणि चहा ओतला. फसफसून तो काळा पडला.

"बोट कुणीच लावलं नाही. मग हे विष कुणाचं, गुरुजी?"

उजवीकडच्या वाडग्यात चहा लालच राहिला.

"डावीकडच्या वाडग्यांना धुण्याचा सोडा फासून वाळवलाय," मी म्हणाले. "हा चहा आंबट. सोडा लागला की फसफसतो, रंग काळवंडतो." काळ्या पडलेल्या चहात मी सोबत आणलेलं व्हिनेगर ओतलं. चहा पुन्हा लाल झाला. "घ्या, वाडगा बरा झाला!"

लोक हसले. दोकचिल हसले नाहीत.

"त्या पाकात काय होतं, बाई?"

"जितकी फळं, तितकीच साखर, काका."

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "ती नको म्हणायची. मी नाक दाबून पाजलं."

मी बोलावलेले पोलीस गुरूला नेत होते, तेव्हा दोघी बायका पाकाच्या उरलेल्या बाटल्या पिशवीत भरत होत्या. "असू दे की," एक म्हणाली, "चव तर चांगली आहे!"

ओमिजाचा चहा जरूर प्या, तो चहाच आहे. पण कुणी त्यात चमत्कार दाखवला, तर वाडगा आपल्या हाताने धुवा आणि म्हणा, आता ओत. आणि औषध सोडायला सांगणाऱ्याला, तो कितीही गोड बोलो, दाराबाहेर काढा.