पितळी माशी

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीला टेकवलेल्या कागदी निशाणाकडे उर्वशीनं पुन्हा पाहिलं. सरावाचे पाच बार मिळणार होते, त्यातला पहिला चार बोटं उजवीकडे गेला होता. पाच संपले की लगेच खरे दहा बार. पहिल्या दोघी नागपूरला, बाकीच्या आपापल्या घरी.

"घोडा झटकून राह्यली तू," शेजारच्या चटईवरून वरोऱ्याची रीता म्हणाली. तिची रायफल कोरी करकरीत.

"तू आपलं पाह्य वं!"

उर्वशीची रायफल गोंडपिपरीच्या क्लबची, वयानं तिथं नेम शिकवणाऱ्या सुनील सरांहूनही मोठी. एका वेळी एकच गोळी खाते म्हणून पोरींनी तिचं नाव उपासवाली ठेवलेलं. मागच्या आठवड्यात ती मांडणीवरून पडली आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची ती बारकी खुंटी, मोडली. काल सरांनी पानाच्या डब्यातून दोन जुन्या माश्या काढून तिच्यापुढे धरल्या. एक काळी, चपटी, मुकाट. दुसरीच्या डोक्यावर पितळेचा मणी, नथीतल्या मोत्यासारखा. सर म्हणाले, "काळी घे." उर्वशी म्हणाली, "नाई सर, हेच! लख्ख दिसते मले." अन् आता भोगा!

तिनं दुसरी गोळी भरली. श्वास रोखला. नेमकं तेव्हाच ढग आला. ठो! गोळी बरोबर मधल्या रेघेवर.

"जमलं!" सर मागून म्हणाले.

तिसऱ्या बाराला ऊन परत आलं आणि गोळी पुन्हा उजवीकडे.

उर्वशी बंदूक खाली ठेवून मण्याकडे पाहत राहिली. ऊन डावीकडून येत होतं. मण्याची फक्त डावी कड पेटली होती, आणि तिचा डोळा त्या पेटल्या कडेलाच अख्खा मणी समजत होता. ती कड मधोमध धरली की नळी आपोआप उजवीकडे!

"सर, माशी बदला. काळी लावा."

"आता? आठ मिनिटं राह्यली, पोरी."

"काजळ लाव तिले, नवरीच आहे ते," रीता फिसकन हसली.

"काजळ तेलकट असते, तेही चमकते," उर्वशी म्हणाली. "सर, बदला ना!"

सरांनी पंचांना हात दाखवून परवानगी घेतली. पितळी खिळा लावून ठक ठक करत मणी खाचेतून बाहेर सरकवला, काळी माशी आत बसवली. पाच मिनिटं उरली. चौथा बार. गोळी सरळ गेली, पण पार खाली, सहा बोटं तरी.

"माशी उंच आहे," सर म्हणाले. "मागची, डोळ्यापाशी नेमाची खाच पक्की, ते तर हलत नाई. हिलेच घासा लागन. पण ऐक, घासलेलं लोखंड परत चिकटत नाई. जास्त गेली तर गोळ्या निशाणाच्या वरून जातीन, अन् माझ्यापाशी दुसरी माशी नाई."

"घासा."

कानस फिरली. एक. दोन. उर्वशीच्या दातांना कळ लागली. पाच. सहा.

"बस!" तिनं सरांचं मनगट धरलं.

शेवटचा बार. दोन बोटं खाली.

"अजून चार हात मारतो," सर कानस उचलत म्हणाले.

"नाई."

"काऊन नाई? दोन बोटं खाली आहे अजून!"

"खालचं मले कळून राह्यलं, सर. मी तेवढं वर धरीन. तुमी घासली तर काय होईन, ते पाहाले एकही बार राह्यला नाई."

सर काही बोलणार होते. पंचांनी शिट्टी मारली.

पहिले दोन बार तिनं घाबरत मारले, दोन्ही नुसते सातचे. मग तिनं काळ्या वर्तुळाच्या मधोमध नेम धरायचं सोडलं, माशी दोन बोटं वर नेली आणि तिथंच खिळवली. ऊन आलं, गेलं, परत आलं. माशी काळीच राहिली. नऊ. आठ. नऊ. दहाव्या बाराला तिनं घोड्यावरून बोट काढलं, श्वास सोडला, पुन्हा भरला. ठो!

पंच निशाणाच्या कागदावर बोट ठेवून मोजत होते. रीता अठ्ठ्याऐंशी. चिमूरची ललिता ब्याऐंशी.

"उर्वशी मडावी," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. काय ते पुसणं! "त्र्याऐंशी."

सर कानस घेऊन आले. "नागपूरच्या आधी निवांत घासू हिले."

"हात लावू नका, सर," उर्वशी म्हणाली. "दोन बोटं कुठी हाये, ते मले ठाऊक हाये आता."