कुंडीतल्यांचे मृत्युलेख

गुरुवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा लेक ऑफिसात एका सेनापतीच्या चरित्राची प्रुफं तपासत होती. सेनापती कधीचा मरणाच्या दारात उभा होता आणि लेखक त्याला काही केल्या आत जाऊ देत नव्हता.

"त्या पंख्याला तेल घाला रे कुणीतरी," आईने सुरुवात केली. प्रकाशन संस्थेतला तो पंखा लेकीच्या डोक्यावर खडखडत असे आणि प्रत्येक फोनवर आधी त्याचा उद्धार होई. "आता ऐक. या आठवड्याचे मयत म्हणजे कारकुनाचा फर्न."

आईने उभा जन्म दातांच्या डॉक्टरच्या स्वागतकक्षात काढला, लोकांना ठणकत्या दाढेसकट ताटकळत ठेवलं, आणि निवृत्त झाल्यावर एक फुकटचं न्यूजलेटर काढलं. नाव 'मातीत गेलेले'. लोकांनी घरी मारलेल्या झाडांची हकिकत कळवायची आणि आईने त्यांचे मृत्युलेख लिहून दर शुक्रवारी सगळ्या वाचकांना ईमेल करायचे. मजकुराला तोटा नव्हता. झाडं मारण्यात माणसांचा हात कोण धरणार? फक्त एक रीत होती. अंक आदल्या दिवशी लेकीला फोनवर वाचून दाखवायचा. लेक संपादक, चुका काढायला इतकं हक्काचं माणूस दुसरं कुठे मिळणार?

आई वाचू लागली. "'कै. फर्न यांना ऊन मानवत नसे. ही बाब त्यांनी पिवळे पडून, मग तपकिरी होऊन, मग एकेक पान गाळून वारंवार निदर्शनास आणली. मालकांनी दर वेळी त्यांना आणखी उन्हात ठेवले. त्यांच्या पश्चात एक कुंडी, एक बशी आणि मालकांचा आत्मविश्वास असा परिवार आहे.'"

लेकीने फोन म्यूट केला आणि सेनापतीवर डोकं टेकून खांदे गदगदेपर्यंत हसली. समोरच्या मुद्रितशोधक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग डोळे पुसून, घसा साफ करून तिने म्यूट काढला.

"'मालक' दोनदा आलेत. एक बदल."

"बरं. हसलीस का?"

"आई, कामात आहे गं."

"दगड आहेस, दगड! बापाच्या वळणावर गेलीस. त्यांना लग्नातसुद्धा हसू आलं नव्हतं."

"साहजिक आहे," लेक म्हणाली.

पलीकडे आई खो खो हसली, आणि हसता हसताच तिने फोन ठेवला.

आपण हसलो की आई शेफारेल आणि शेफारली की तिचे विनोद बिघडतील, असं लेकीचं संपादकीय मत होतं. ते कधी बनलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी अंक गेला. शनिवारी सकाळी कुंड्यांना पाणी घालता घालता आई गेली. झारी कलंडली, पाणी गॅलरीतून खाली ठिबकलं आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भांडायला वर आले, म्हणून निदान कळलं तरी.

लेकीने वाचकांना दोन ओळींत कळवलं. तिच्या हिशेबी विषय संपला. पण सांत्वनाची उत्तरं आली आणि त्यांच्या पाठोपाठ मुद्दे येऊ लागले. एका शिंप्याने लिहिलं, "बाई गेल्याचं फार वाईट वाटलं. इकडे आमची कोरफडही गेली. तिचं कोण लिहिणार?" एका नर्सने कळवलं, "आमच्याकडे दोन जणं पडून आहेत. लेख आल्याशिवाय कुंडी रिकामी करायची नाही, असं घरात ठरलंय. वास येतोय, कृपया विचार व्हावा."

लेकीने मामाला फोन केला. आईचा हा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी इस्पितळात भूल देण्याचं काम करी. समोरचा माणूस जागा आहे हे धरून बोलायची त्याला सवयच नव्हती.

"लिही की मग," मामा म्हणाला. "तुझ्या आईने लावलेली खोड आहे, आता निस्तर."

"मला विनोद जमत नाही, मामा."

"झाड मेलंय, आता आणखी काय वाईट होणार आहे त्याचं?"

म्हणून तिने अंक पुन्हा सुरू केला. कोरफडीवर लिहिलं: अतिरिक्त पाणी, निचऱ्याचा अभाव, मुळांची सड. शिंप्याचं उत्तर आलं, "माहिती अचूक आहे. पण आमची कोरफड इतकी कंटाळवाणी नव्हती." मामाने कळवलं, "शवविच्छेदनाचा अहवाल उत्तम झालाय." लेकीने लॅपटॉप मिटला. आईचं दुकान आपल्या हातून आता दुसऱ्यांदा बंद पडणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

त्यातच आईचं रबराचं झाड मेलं. अंत्यसंस्कारानंतर तेवढं एकच लेकीने स्वतःच्या घरी आणलं होतं. बुंध्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. ती बराच वेळ त्याच्यासमोर फरशीवर बसली. मग तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने एका बैठकीत मजकूर लिहून काढला. लिहून झाल्यावर मात्र काय करावं कळेना. आईचे अंक वाचून दाखवल्याशिवाय जात नसत. तिने पुन्हा मामाला फोन लावला. तो इस्पितळाच्या कँटीनमध्ये होता. मागे कपबशा आदळत होत्या.

"मामा, मध्ये बोलू नकोस. 'कै. रबर हे आयुष्यभर हेळसांड, टोमणे आणि उरलेला चहा पचवून ताठ उभे होते. माया मात्र त्यांना सोसली नाही. मालकीणबाई गेल्यावर लेकीने त्यांना सकाळी पाणी घातले, संध्याकाळी घातले, आणि मध्ये काही सुचेनासे झाले तेव्हाही घातले. झाडांना पोहता येत नाही, हे घरात कुणाच्या लक्षात आले नाही. त्यांच्या पश्चात एक कुंडी, एक झारी आणि एक लेक असा परिवार आहे.'"

पलीकडे चिडीचूप. कपबशासुद्धा ऐकू येईनात.

"मामा? हसलास का?"

काहीच नाही. दर गुरुवारी आई फोन कानाला लावून हेच ऐकत बसत असेल.

एकदम कपबशा पुन्हा वाजू लागल्या. "आहे, आहे," मामा धापा टाकत म्हणाला. "अगं, समोर पेशंटचे नातेवाईक बसलेत. भूल देणारा असा खिदळताना दिसला तर पेशंट उचलून घरी नेतील. म्हणून आवाज बंद करून हसून घेतलं."

"म्यूट करून?" लेकीने विचारलं.

"तुझी आई म्हणायची," मामा नाक पुसत म्हणाला, "लेकीच्या ऑफिसातला पंखा मोठा रसिक आहे. नेमका विनोदाच्या जागी बंद पडतो."

"असं म्हणायची?"

"नेहमी. मला वाटायचं, तुमच्याकडची वीज जाते. चल, मला एकाला झोपवायचंय. पाठव तो अंक."

तिने अंक पाठवला. मग उठून ती रबराच्या कुंडीपाशी गेली, आणि घरात दुसरं कुणी नसताना, चांगलं मोठ्याने, पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"पंखा नव्हता गं, आई. मी हसायचे. दर वेळी."